सगळ्यांचं रीडिंग सारखंच कसं?

तुमच्यापैकी ज्यांनी बारावीपर्यंत विज्ञान घेतलं, त्यांना रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल नक्की आठवत असेल. स्टँडला उभी अडकवलेली ब्युरेट, तिच्यात जांभळं पोटॅशियम परमँगनेट, खाली कॉनिकल फ्लास्क आणि फ्लास्कखाली पांढरी टाइल. जर्नलमध्ये आखलेला तक्ता : पायलट रीडिंग, मग पहिलं, दुसरं, तिसरं आणि शेवटच्या रकान्यात ‘सी. बी. आर.’, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. आणि हे सगळं आठवत नसेल, तरी एक प्रश्न हमखास आठवत असेल. शेजारच्या टेबलावरून हळूच आलेला : ‘ए, तुझं किती आलं?’

मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. हा प्रश्न मी विद्यार्थी म्हणून विचारला आहे आणि शिक्षक म्हणून हजारदा ऐकला आहे. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. कारण प्रॅक्टिकल ही गोष्ट जगात कशासाठी सुरू झाली आणि आपल्यापर्यंत येता येता तिचं काय झालं, याचा इतिहास या एका प्रश्नात दडलेला आहे.

दोनशे वर्षांपूर्वी रसायनशास्त्र शिकणं म्हणजे मुख्यतः ऐकणं आणि बघणं होतं. प्राध्यापक टेबलामागे उभे राहून प्रयोग करून दाखवत, विद्यार्थी बाकांवर बसून पाहत. गॉटिंगेनला श्ट्रोमायर, ग्लासगोला टॉमस टॉमसन अशा काही जणांनी विद्यार्थ्यांच्या हातात उपकरणं दिली होती, पण ते अपवाद. ज्याला खरोखर हातानं काम शिकायचं असे, तो एखाद्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाच्या घरी जाऊन राही. आपल्याकडे गवयाच्या घरी राहून गाणं शिकत, तसंच.

१८२३ साली फ्रिडरिश व्यलर नावाचा तरुण जर्मन डॉक्टर असाच स्टॉकहोमला बर्झेलियसकडे गेला. बर्झेलियस तेव्हा युरोपातला सर्वांत नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ. पण त्याची प्रयोगशाळा म्हणजे दोन साध्या खोल्या आणि शेजारी स्वयंपाकघर. नळ नाही, गॅस नाही. भांडी घासायला आणि चुलीकडे बघायला ॲना नावाची बाई. व्यलरला खनिजांच्या पृथक्करणाचं काम मिळालं. तरुण माणूस, उरकायची घाई. तेव्हा बर्झेलियस त्याला सांगे की, डॉक्टर, काम झटपट झालं, पण वाईट झालं. व्यलरनं ही आठवण आयुष्यभर जपली. पुढे १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया तयार करून ज्यानं इतिहास घडवला, तो हाच व्यलर.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. बर्झेलियसनं केवळ ‘उत्तर चुकलं’ एवढंच सांगितलं नाही. त्यानं काम कसं केलं ते पाहिलं होतं, म्हणूनच त्याला ‘वाईट’ म्हणता आलं.

पण असं किती जणांना शिकवणार? एका वेळी एक, फार तर दोन. हा प्रश्न ज्यानं सोडवला तो युस्टुस लीबिग. १८२४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, हुम्बोल्टच्या शिफारशीनं तो गीसेन या लहानशा गावातल्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांनी स्वतः काम करायची प्रयोगशाळा काढायची, असं त्याच्या मनात होतं. विद्यापीठातल्या ज्येष्ठ मंडळींना ते पटलं नाही. औषधं विकणारे आणि साबण करणारे तयार करणं हे काही विद्यापीठाचं काम नव्हे, असा त्यांचा सूर होता. हातानं करायच्या कामाकडे बघण्याची ही नजर आपल्याला नवीन नाही! शेवटी लीबिगनं संस्था खासगी म्हणून सुरू केली, पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या आणि रिकाम्या पडलेल्या एका लष्करी इमारतीत. ज्या कामात घाणेरडा धूर होई, ते बाहेरच्या खांबांच्या उघड्या ओट्यावर चाले. पुढे विद्यापीठालाच ही संस्था आपली म्हणावी लागली, आणि १८३९ साली तिथं नवी, मोठी प्रयोगशाळा बांधली गेली.

तिथं शिकवण्याची रीत कशी होती? नवख्याला आधी अनुभवी सहायकांच्या हाताखाली घालत. त्याला ओळीनं बाटल्या मिळत. वर नाव नाही, फक्त खूण. आत काय आहे ते त्यानं शोधायचं. एक झाली की दुसरी. हात बसेपर्यंत हेच. मग त्याला स्वतंत्र विषय मिळे. रोज सकाळी प्रत्येकानं लीबिगला सांगायचं की, काल काय केलं आणि आज काय करणार. लीबिग पसंती-नापसंती सांगे, पण पुढची वाट ज्याची त्यानं काढायची. दिवस उजाडल्यापासून काळोख पडेपर्यंत मुलं तिथंच. पुढे लीबिगनं लिहून ठेवलं की, प्रयोगशाळेत तक्रार एकट्याचीच असे, औबेल नावाच्या शिपायाची. त्याला झाडलोट करायची असे आणि मुलं संध्याकाळी हलायलाच तयार नसत!

लीबिगनं आणखी एक मोठी गोष्ट केली. सेंद्रिय पदार्थात कार्बन किती, हे मोजणं तेव्हा फार किचकट होतं. पदार्थ जाळायचा आणि निघालेल्या वायूचं आकारमान मोजायचं. त्याला उस्तादाचा हात लागे. १८३१ साली लीबिगनं पाच फुगे असलेली काचेची एक छोटी नळी बनवली. तिच्यात पोटॅशचं द्रावण भरायचं. कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जातो. नळीचं आधी वजन करायचं, नंतर वजन करायचं, की झालं. जे काम मूठभर लोकांनाच जमत होतं, ते आता नीट तालीम मिळालेल्या साध्या विद्यार्थ्यालाही जमू लागलं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ही नळी अजून आहे. मला ती फार आवडते. विद्यार्थ्याच्या हाताला काय झेपेल, याचा विचार त्या नळीत आहे.

आता ब्युरेटकडे येऊ. तिचा जन्म विद्यापीठात नाही, बाजारात झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये रूआँ इथं कापड पांढरं करण्यासाठी क्लोरीनचं द्रावण वापरू लागले. द्रावण कडक झालं तर कापड जळे, पातळ झालं तर पांढरं होत नसे. म्हणून देक्रुआझी नावाच्या रसायनतज्ज्ञानं खुणा केलेल्या काचेच्या नळीतून द्रावण ओतून त्याचा कडकपणा मोजण्याची युक्ती काढली. पुढे गे-ल्युसॅकनं ही पद्धत नेमकी केली. ‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ ही नावं रुळली ती त्याच्या लिखाणातून. आज आपण वापरतो तशी, खालून थेंब सोडणारी ब्युरेट प्रचारात आणली कोब्लेन्झ इथल्या कार्ल फ्रिडरिश मोर या औषधविक्रेत्यानं. १८५५ साली त्यानं या मापनपद्धतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत परमँगनेटबरोबर येणारं ते फिकट हिरवं ‘मोर्स सॉल्ट’ त्याच्याच नावाचं. लाखो मुलांनी ते वापरलं असेल, पण हा मोर कोण हे त्यांना कुणी सांगितलं नसेल.

सांगायचा मुद्दा असा की, ब्युरेटमधला आकडा कुणाला तरी हवा होता. आकडा चुकला तर कापडाचे तागे वाया जाणार होते. ‘तुझं किती आलं?’ असं शेजाऱ्याला विचारून तिथं भागलं नसतं.

मग हे बदललं कुठं? एका दिवसात नाही बदललं. १८४१ साली फ्रेझेनियस या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं गुणात्मक पृथक्करणाचं पुस्तक लिहिलं. आधी हा अभिकर्मक, मग तो. साका आला तर या वाटेनं, नाही आला तर त्या वाटेनं. आपण ‘सॉल्ट ॲनॅलिसिस’मध्ये पहिला गट, दुसरा गट असं जे करतो, ते याच घराण्यातलं. पुस्तक उत्तमच होतं. लीबिगनंही त्याचं कौतुक केलं. पण पुस्तकात एक सोय असते. ते समोर उघडून ठेवलं की, मागे उभं राहून बघणारा माणूस नसला तरी काम पुढे सरकतं. १८४५ साली लीबिगचा शिष्य हॉफमन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत गेला आणि गीसेनची रीत इंग्लंडला पोहोचली. विद्यार्थी वाढले, वर्ग वाढले आणि त्यांच्यामागून परीक्षा आल्या. नुसत्या परीक्षानळ्या हलवत बसण्याच्या या शिक्षणावर हेन्री आर्मस्ट्राँग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कडाडून टीका केली. मुलाला शोधकाच्या जागी उभं करा, असं ते म्हणत.

आपल्याकडे तर परीक्षाच आधी आली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची. विज्ञान शिकवणाऱ्या कॉलेजात नीट सुसज्ज प्रयोगशाळा असली पाहिजे, अशी अट संलग्नतेसाठी घातली ती १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानं. मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सुरू झाली १९२० साली. कायद्यानं टेबलं आली, गॅसचे नळ आले, काचसामान आलं. ते आवश्यकच होतं. पण विद्यार्थ्याच्या हाताकडे कुणीतरी पाहिलं पाहिजे, हे काही कायद्यात लिहिता येत नाही.

श्रोतेहो, इथपर्यंत मी दुसऱ्यांबद्दल बोललो. आता माझ्याबद्दल सांगतो.

१९८८ सालची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात मी एफ. वाय. बी. एस्सी.च्या प्रॅक्टिकलचा परीक्षक होतो. प्रयोग हाच, परमँगनेट आणि मोर्स सॉल्ट. आमच्याजवळ आधीच काढलेलं प्रमाण रीडिंग असे. त्या दिवशी ते १०.२ होतं. विद्यार्थ्याचं रीडिंग ०.२ च्या आत आलं तर पूर्ण गुण, फरक वाढला की गुण कमी. सोपा हिशेब. मी टेबलामागे बसून उत्तरपत्रिका तपासत होतो. १०.२, १०.२, १०.३. अक्षर वेगळं, आकडे तेच. एक मुलगा मात्र निघाला १०.७, १०.८, १०.७ लिहिणारा. मी त्याला बोलावून विचारलं, ‘पुन्हा करून बघायचंय का?’ तो म्हणाला, ‘सर, तीनदा केलं. एवढंच येतंय.’ मी गुण कापले.

संध्याकाळी सगळं आवरताना लॅबमधले मामा सहज म्हणाले, ‘सर, त्या कोपऱ्यातल्या टेबलावरची बाटली बदलायची राहिली बघा. गेल्या आठवड्याच्या बॅचची होती.’ मी चमकलो. परमँगनेटचं द्रावण उजेडात ठेवलं की हळूहळू कमजोर होतं. कमजोर झालं की ते जास्त लागतं. मी उभ्या उभ्या ब्युरेट भरली आणि करून पाहिलं. १०.७ आलं.

मुलगा बरोबर होता. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या बाटलीतून आणखी दोन मुलांनी द्रावण घेतलं होतं. त्या दोघांनी १०.२ लिहिलं होतं. त्यांना पूर्ण गुण मिळाले होते. त्या टेबलावर ज्यानं खरोखर मोजलं, तो एकटाच नापासाच्या जवळ गेला होता.

गुणपत्रकाचं पाकीट तोवर लाखेनं सील झालं होतं. प्राचार्यांकडे जाऊन ते उघडायला लावता आलं असतं. खुलासा द्यावा लागला असता, बाटली कुणी बदलली नाही हा प्रश्न निघाला असता, बिचारे मामा अडचणीत आले असते. मी ही सगळी कारणं मनाशी जुळवली आणि एस. टी. पकडून घरी आलो. रीडिंग जुळवतात तशीच मी कारणं जुळवली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या मुलाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

त्या दिवसानंतर मी ‘सी. बी. आर.’ या शब्दाकडे नीट पाहू लागलो. दोन-तीन रीडिंग एकमेकांजवळ आली पाहिजेत, ही अपेक्षा योग्यच आहे. हात स्थिर असल्याची ती खूण. पण आपण त्या शब्दाचा अर्थ केला, ‘सारखंच लिहा’. ब्युरेटच्या एका थेंबाचं आकारमान साधारण ०.०५ मिलिलिटर असतं. माणसाच्या हातून थेंबाभराचा फरक पडणारच. तिन्ही वेळा अगदी तोच आकडा येत असेल, तर हात पक्का आहे किंवा पेन पक्कं आहे. आणि वर्गातल्या सगळ्यांचाच तो येत असेल, तर शंकेला जागाच नाही.

मुलं लबाड असतात म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. आपण त्यांना उत्तराचे गुण देतो, हाताचे देत नाही. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही, टोक फ्लास्कच्या कडेला टेकवून धरायचं. ब्युरेट ज्या द्रावणानं भरायची, त्यानंच आधी खंगाळायची. फ्लास्क मात्र फक्त पाण्यानं. डोळा द्रावणाच्या पातळीच्या समोर आणायचा. या गोष्टी सांगून कळतात, पण सांगून येत नाहीत. भाकरी थापण्यासारखंच आहे हे. शेजारी कुणीतरी उभं राहून ‘अगं, कड जाड राहिली’ म्हणावं लागतं. ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी आणखी एक कारण दाखवून दिलं. माणसाचं मन एका वेळी थोड्याच गोष्टी सांभाळू शकतं. नवख्या मुलापुढे आपण एकदम नवं उपकरण, नवी कृती, नवं सूत्र आणि घड्याळ ठेवतो. मग तो विचार करणं सोडतो आणि लिहून दिलेल्या ओळी पाळत राहतो. म्हणून लॅबमध्ये येण्याआधी थोडी तयारी करून घ्या, एका दिवशी एकच नवी गोष्ट द्या, असं ते सांगत.

मी माझ्यापुरता एक उपाय केला. पुढच्या वर्षी पहिले तीन आठवडे मी कुठलंच रसायन दिलं नाही. फक्त पिपेट, पाणी आणि तराजू. दहा मिलिलिटर पाणी पिपेटनं घ्या, बाटलीत सोडा, वजन करा. पुन्हा घ्या, पुन्हा वजन करा. आपल्याकडच्या हवेत ते दहा ग्रॅमला किंचित कमी, सुमारे ९.९६ ग्रॅम भरायला हवं. सुरुवातीला कुणाचं ९.८ भरे, कुणाचं १०.१. त्याच मुलाचं एकदा हे, एकदा ते. मी प्रत्येकामागे जाऊन उभा राही. आकडा किती आला यापेक्षा तुझे पाच आकडे एकमेकांपासून किती लांब आहेत ते बघ, असं सांगे. तिसऱ्या आठवड्यात आकडे जवळ येऊ लागले. दोन सहकारी हसले. ‘पाणी मोजायला शिकवतोय’ म्हणाले. अभ्यासक्रम मागे पडला, ही त्यांची तक्रार खरी होती. तो भरून काढायला मला दिवाळीच्या सुट्टीत वर्ग घ्यावे लागले.

आज हे जास्त सोपं आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या शिक्षकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यानं पिपेट वापरताना स्वतःच्या हाताचं चित्रीकरण करायचं, काय करतोय ते बोलायचं आणि ते शिक्षकांना पाठवायचं. शिक्षक ते पाहून कुठं चुकलं ते सांगतात. मुलानं पुन्हा करायचं. जमलं की त्याच्या नावावर ते कौशल्य नोंदवलं जातं. बर्झेलियस एका खोलीत करत होता तेच हे, फक्त शेकडो मुलांसाठी. मोबाइल तर आता आपल्याकडच्या खेड्यातल्या कॉलेजातही आहे. आणखी एक उपाय तर बिनपैशाचा आहे. प्रत्येक टेबलावर थोड्या वेगळ्या तीव्रतेचं द्रावण ठेवा, गीसेनमधल्या बिननावाच्या बाटल्यांसारखं. शेजाऱ्याचं उत्तर आपल्या उपयोगाचंच नाही म्हटल्यावर नक्कल आपोआप थांबते.

हे नुसतं मार्कांपुरतं असतं, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण यातलीच मुलं पुढे पाण्याच्या टाकीवर क्लोरीन मोजतात, औषधाच्या कारखान्यात गोळ्यांचा नमुना तपासतात, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचा आकडा लिहितात. तिथं प्रमाण रीडिंग आधी काढून ठेवलेलं नसतं. ‘नेहमी येतं तेवढंच’ असं लिहायची सवय ज्या हाताला अठराव्या वर्षी लागली, तो हात तिथंही तेच लिहिणार. बाटली बदलली आहे हे त्याला कळणार नाही. आणि कळलं, तरी ते सांगायची हिंमत आपण त्याला दिलेली नाही.

तुमच्या घरात कुणी प्रॅक्टिकल करून आलं, तर किती गुण मिळाले हे जरूर विचारा. पण आज हातून काय चुकलं, हेही विचारा. चुकलं ते नीट सांगता आलं, तर समजा की मूल लॅबमध्ये काहीतरी शिकलं. माझ्या त्या पाण्याच्या वर्गात तिसऱ्या आठवड्यात मला मागून तोच जुना प्रश्न ऐकू आला होता : ‘ए, तुझं किती आलं?’ मी सवयीनं दरडावायला वळलो. तर एक मुलगी आपल्या पाच आकड्यांशेजारी मैत्रिणीचे पाच आकडे मांडून बघत होती, दोघींपैकी कुणाचा हात जास्त स्थिर आहे ते. मी काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेलो.